लघुग्रहांची ऊब

तेरेखोल नदी जेथे समुद्राला मिळते, तेथे उत्तरेच्या काठावर तेरेखोलचा किल्ला उभा आहे. गोव्याच्या किनाऱ्याचे हे अगदी उत्तरेकडील टोक. नदी आड आल्यामुळे पेडणे तालुक्यातील केरीहून तेथे जावयाचे तर फेरीबोट गाठावी लागते. किल्ल्याची भिंत जांभ्या दगडाची, आणि पलीकडे केरीची वाळूची पुळण. चैत्र-वैशाखात दिवसभर दोहोंवर सारखेच ऊन पडते. भर दुपारी वाळूवर अनवाणी पाऊल ठेववत नाही. परंतु सूर्य मावळून काही वेळ लोटला, की तीच कोरडी वाळू तळव्यांना गार लागू लागते. जांभ्याच्या भिंतीला पाठ टेकावी, तर ती मात्र रात्रीच्या जेवणवेळेपर्यंत उबदार असते. वाळूचे कण सुटे असतात. एका कणातील उष्णता दुसऱ्या कणात सहजासहजी उतरत नाही, म्हणून ऊन वरच्या पातळ थरातच अडते आणि रात्र पडताच निघून जाते. अखंड दगड मात्र दिवसाची कमाई आत खोलवर साठवून ठेवतो आणि ती सावकाश खर्च करतो.

हा भेद डोळ्यांना दिसत नाही, स्पर्शाला कळतो. पण हात न लावता, दूर अंतरावरून, त्या काठाकडून येणारी उष्णताच एखाद्याला मोजता आली तर? काळोख्या रात्रीही त्याला बिनचूक सांगता येईल, की येथे वाळू आहे आणि येथे खडक आहे. ज्यांच्यावर माणसाने अजून पाऊल ठेवलेले नाही, अशा कोट्यवधी किलोमीटर दूरच्या गोलांविषयी ज्योतिःशास्त्रज्ञांनी हीच गोष्ट साधली. मंगळ आणि गुरू यांच्या कक्षांच्या दरम्यान सूर्याभोवती फिरणारे मोठे लघुग्रह हे ते गोल होत. या ऊब मोजण्याच्या उद्योगातून पुढे एक अनपेक्षित गोष्ट घडली. जे मोजावयाचे होते तेच माप ठरले, आणि अवकाशातील मोठमोठ्या दुर्बिणी खऱ्या की खोट्या हे या लघुग्रहांवरून पारखले जाऊ लागले.

पहिला लघुग्रह १ जानेवारी १८०१ च्या रात्री सापडला. सिसिलीतील पालेर्मो येथील वेधशाळेत जुझेप्पे पियाझ्झी हा धर्मगुरू ताऱ्यांची सूची तयार करीत होता, तेव्हा एक अंधूक तारा रोज थोडाथोडा सरकतो आहे असे त्याच्या ध्यानी आले. त्याने त्याला सेरीस हे धान्यदेवतेचे नाव दिले. पियाझ्झी हा थिएटाइन संघाचा साधू. गोमंतकीयांना हा संघ परका नाही. जुने गोवे येथील सांत कायतानचे घुमटाचे चर्च सतराव्या शतकात याच संघाच्या इटालियन साधूंनी उभारले. फेब्रुवारीत पियाझ्झीचे वेध थांबले आणि सेरीस सूर्याच्या प्रकाशात हरवला. कार्ल गाउस या तरुण गणितज्ञाने मोजक्या वेधांवरून त्याची कक्षा काढली, आणि त्याच वर्षाच्या अखेरच्या रात्री तो पुन्हा सापडला. मग १८०२ साली पॅलस, १८०४ साली जूनो आणि १८०७ साली व्हेस्टा हाती आले.

सापडले खरे, पण ते केवढे आहेत हे कोणालाच सांगता येईना. दुर्बिणीतून ग्रहाची थाळी दिसते. लघुग्रह मात्र ताऱ्यासारखा ठिपकाच राहतो. विल्यम हर्शेलने १८०२ साली सेरीसचा व्यास मोजण्याचा प्रयत्न केला आणि तो १६२ मैलांच्या आसपास, म्हणजे सुमारे २६० किलोमीटर ठरविला. आज तो सुमारे ९४० किलोमीटर आहे हे ठाऊक आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील लिक वेधशाळेच्या प्रचंड दुर्बिणीतून एडवर्ड बार्नार्ड या अत्यंत तीक्ष्ण नजरेच्या निरीक्षकाने पुन्हा मापे घेतली. त्याने सेरीसला ७८१ किलोमीटर दिले आणि व्हेस्टाला अवघे ३९१. पुढे पाऊणशे वर्षे पाठ्यपुस्तकांतून हेच आकडे छापले जात होते.

अडचण अशी, की ठिपक्याच्या तेजावरून आकार काढता येत नाही. काळ्या कातळाचा मोठा गोळा आणि चुनखडीसारखा पांढरा लहान गोळा दुरून सारखेच तेजस्वी दिसतात. सेरीस आपल्यावर पडणाऱ्या प्रकाशाचा जेमतेम अकरावा हिस्सा परत फेकतो. व्हेस्टा जवळजवळ पाच हिश्शांतील दोन हिस्से फेकतो. कोणता काळा आणि कोणता पांढरा हे आधी ठाऊक नसेल, तर सारा हिशेब अंदाजावर येतो.

येथे ऊब उपयोगी पडते. जो प्रकाश परत फेकला गेला नाही तो कोठे गेला? तो पृष्ठभागात शिरला आणि त्याने तो गोळा तापविला. तापलेला गोळा ती उष्णता अवरक्त किरणांच्या रूपाने बाहेर टाकतो. काळा गोळा प्रकाश कमी देतो पण ऊब अधिक देतो. दिसणारा प्रकाश आणि न दिसणारी ऊब ही दोन्ही मोजली, म्हणजे दोन अज्ञातांसाठी दोन समीकरणे हाती येतात, आणि आकार व रंगाची गडदता दोन्ही सुटतात. हे अवरक्त किरण शोधून काढले तेही विल्यम हर्शेलनेच, १८०० साली, लोलकातून पडलेल्या रंगपट्ट्यात तांबड्या रंगाच्या पलीकडे तापमापक ठेवून. म्हणजे लघुग्रहाचे माप घेताना ज्याचा हिशेब इतका चुकला, त्याच्याच टेबलावर ते माप घेण्याचे साधन दोन वर्षे आधीच पडलेले होते! अर्थात त्या काळच्या तापमापकांना आकाशातील एवढी क्षीण ऊब कळणे शक्य नव्हते. या दोहोंची गाठ पडण्यास १९७० साल उजाडावे लागले. त्या सुमारास डेव्हिड ॲलनने व्हेस्टाची ऊब मोजली, आणि बार्नार्डच्या मापापेक्षा व्हेस्टा बराच मोठा निघाला.

सेरीसवर भर मध्यान्हीसुद्धा तापमान शून्याखाली सुमारे चाळीस अंश सेंटिग्रेड असते. याला ऊब म्हणणे थोडे धाडसाचेच. पण अतिशीत अवकाशाच्या मानाने ती ऊबच. अशा थंड गोलाची उष्णता मुख्यतः पंधरा मायक्रॉनच्या आसपासच्या तरंगलांबीने बाहेर पडते. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. डोळ्यांना दिसणारा प्रकाश अर्ध्या मायक्रॉनचा. पंधरा मायक्रॉनच्या पुढे उष्णतेची शेपटी साठ, शंभर, पाचशे मायक्रॉनपर्यंत पसरलेली असते, आणि यालाच दूर-अवरक्त प्रदेश म्हणतात. शेपटी क्षीण असली तरी तिच्या अंगी एक मोठा गुण आहे. दोनशे केल्व्हिन तापमानाच्या गोलाचा हिशेब करताना तापमानाचा अंदाज एक टक्क्याने चुकला, तर दहा मायक्रॉनपाशी उत्तर सात टक्क्यांनी चुकते. शंभर मायक्रॉनच्या पलीकडे मात्र ते दीड टक्क्यापेक्षाही कमी चुकते. शेपटीला तापमानाच्या लहरी फारशा बाधत नाहीत. ती मुख्यतः आकारच सांगते.

पण ही शेपटी जमिनीवरून दिसत नाही. हवेतील पाण्याची वाफ दूर-अवरक्त किरण गिळून टाकते, आणि कोकणच्या दमट किनाऱ्यावर तर बोलावयासच नको. यास्तव हवेच्या वर जाणे भाग पडते. या दिशेने आपल्याकडे झालेले काम जनसामान्यांना फारसे ठाऊक नाही, ही खेदाची गोष्ट आहे. मुंबईच्या कुलाब्यातील टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी एक मीटर व्यासाच्या आरशाची दुर्बीण प्रचंड फुग्याखाली टांगून हैदराबादहून सुमारे ३० किलोमीटर उंचीवर पाठविली. गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत अशी अनेक उड्डाणे झाली. त्या उंचीवर वाफ नावापुरतीच उरते. दुर्बिणीतील उष्णताग्राहक द्रवरूप हेलियमच्या साहाय्याने निरपेक्ष शून्याच्या वर अवघा तीन-दशांश अंश इतके थंड केलेले असत. तारे जन्मास येतात त्या धुळीच्या मेघांची ऊब ते सुमारे दीडशे आणि दोनशे दहा मायक्रॉनवर टिपीत.

परंतु ग्राहकाने टिपलेला आकडा म्हणजे नुसता विजेचा कंप. अमुक इतका कंप म्हणजे प्रत्यक्षात किती उष्णता, हे ठरविण्यासाठी ज्याची उष्णता आधीच ठाऊक आहे असे काहीतरी त्याच आकाशात पाहावे लागते. मुंबईच्या शास्त्रज्ञांनी त्यासाठी गुरू ग्रह घेतला. पेडण्याच्या बाजारातील दुकानदार कितीही प्रामाणिक असो, त्याचे किलोचे वजन सरकारी वजनाशी ताडून त्यावर शिक्का मारावाच लागतो. दुर्बिणीलाही असा शिक्का लागतो. तो चुकीचा पडला, तर दुर्बिणीने नोंदलेला प्रत्येक मेघ, प्रत्येक तारा, प्रत्येक दीर्घिका त्याच प्रमाणात चुकीची ठरते, आणि ती चूक पाहणाऱ्याच्या लक्षातही येत नाही.

फुग्याच्या दुर्बिणीला गुरू चालला. अवकाशातील दुर्बिणी अधिक संवेदनशील. त्यांना गुरूकडे बघवत नाही, त्यांचे ग्राहक दिपून जातात. उलट नेहमीचे प्रमाण तारे दूर-अवरक्त प्रदेशात फार मंद पडतात. लांब तरंगांवर युरेनस आणि नेपच्यून उपयोगी पडतात, पण ते आणि तारे यांच्या दरम्यान मोठी पोकळी राहते. लघुग्रह नेमके या पोकळीत बसतात. शिवाय ते चालते. आज जेथे लघुग्रह आहे तेथून तो काही तासांनी सरकतो, आणि त्याच्या मागचे रिकामे आकाश मोजून वजा करता येते.

अमेरिका, हॉलंड व इंग्लंड यांनी २५ जानेवारी १९८३ रोजी सोडलेल्या आयरास उपग्रहावर ५७ सेंटिमीटरची दुर्बीण होती. तिने सुमारे दहा महिन्यांत बहुतेक सारे आकाश मोजले आणि सुमारे दोन हजार लघुग्रहांचे व्यास मिळवून दिले. त्याच उपग्रहाची शंभर मायक्रॉनची मोजपट्टी बसविण्यासाठी मात्र लघुग्रहांचाच आधार घेण्यात आला होता. चिकित्सक वाचक येथे थांबेल, आणि त्याने थांबावेच. दुर्बिणीने लघुग्रह मोजावयाचा आणि लघुग्रहाने दुर्बीण तपासावयाची, हे तर दोन शेजाऱ्यांनी एकमेकांच्या मापाला शिक्का मारण्यासारखे झाले! या चक्रातून सुटावयाचे तर लघुग्रहाचा आकार ऊब न मोजता, अन्य मार्गाने कळला पाहिजे.

तो मार्ग कष्टाचा होता. लघुग्रह कधीकधी एखाद्या ताऱ्यापुढून जातो आणि तारा काही सेकंद झाकला जातो. निरनिराळ्या गावांहून या झाकण्याची वेळ नोंदली, तर लघुग्रहाची सावली जमिनीवर आखून काढता येते, आणि ती सावली त्याच्याच मापाची असते. पॅलसने २९ मे १९८३ रोजी एका ताऱ्याला असे झाकले. अमेरिका व मेक्सिकोतील पुष्कळ निरीक्षकांनी, त्यांत हौशी मंडळीच बहुसंख्य, आपापल्या दुर्बिणी घेऊन त्या काही सेकंदांची नोंद केली. त्यातून पॅलसचा सरासरी व्यास निघाला. पुढे सेरीसचीही सावली अशीच आखण्यात आली. या गोष्टीला कोट्यवधी डॉलरांचे यंत्र लागले नाही. एक बरी दुर्बीण, एक घड्याळ आणि रात्री जागण्याची तयारी एवढे पुरले.

युरोपच्या आयसो या अवकाश-दुर्बिणीचे काम १९९५ ते १९९८ या काळात चालले. त्या वेळी जर्मनीचा थॉमस म्युलर आणि स्वीडनचा योहान लागेरोस यांनी निवडक मोठ्या लघुग्रहांचा संपूर्ण उष्णता-हिशेब मांडला. लघुग्रह सूर्यापासून किती दूर, पृथ्वीपासून किती दूर, तो कोणत्या अक्षाभोवती किती वेगाने फिरतो, त्याची कोणती बाजू या क्षणी आपल्याकडे आहे, हे सारे त्यात येते. व्हेस्टा ५ तास २० मिनिटांत स्वतःभोवती फिरतो, सेरीस ९ तासांत. म्हणून हे वजन दर मिनिटाला बदलते. पण ते किती बदलेल हे आधी सांगता येते, आणि वजनाला तेवढे पुरेसे आहे.

या हिशेबात एक राशी अपरिहार्य होती: पृष्ठभाग उष्णता कितपत साठवून ठेवतो. वाळू आणि जांभा यांतील भेद तो हाच. उघड्या खडकाला या राशीचे मूल्य सुमारे अडीच हजार मानतात, चंद्राच्या धुळीला पन्नासच्या आसपास. मोठ्या लघुग्रहांसाठी ते पंधराच्या जवळपास आले. केरीच्या वाळूत कणाकणांमध्ये हवा असते आणि तीही थोडी उष्णता वाहून नेते; लघुग्रहावर हवाच नाही. म्हणून तेथील बारीक भुकटी आपल्या कोणत्याही वाळूपेक्षा लवकर निवते. कोट्यवधी वर्षे लहानमोठ्या दगडांचा मारा सोसून या गोलांच्या अंगावर पिठासारखी धूळ साचली आहे, ही गोष्ट तेथे कोणतेही यान जाण्यापूर्वीच उबेवरून कळली होती.

१४ मे २००९ रोजी फ्रेंच गियानातील कुरू येथून युरोपची हर्शेल दुर्बीण सुटली. अवरक्त किरण शोधणाऱ्याचेच नाव तिला दिलेले होते. साडेतीन मीटरचा आरसा, पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर मुक्काम, आणि ग्राहक थंड ठेवण्यासाठी २,३०० लिटर द्रवरूप हेलियम असा तिचा थाट होता. एवढा मोठा आरसा त्यापूर्वी अवकाशात कधी गेला नव्हता. तिच्या उपकरणांची परीक्षा घेण्यासाठी जी प्रमाणे ठरली, त्यांत सेरीस, पॅलस, व्हेस्टा व ल्युटेशिया या चार लघुग्रहांना मानाचे स्थान मिळाले. म्युलर व त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली दाखवून दिले, की या चौघांची उष्णता सुमारे पाच टक्क्यांच्या आत आधीच सांगता येते, आणि तारे व दूरचे ग्रह यांच्यावर बसविलेल्या मोजपट्टीशी तिचा मेळ बसतो.

या चौघांत ल्युटेशिया सर्वांत लहान. तो सुमारे शंभर किलोमीटरचा. त्याची निवड होण्याचे एक कारण सांगण्यासारखे आहे. युरोपचे रोझेटा यान १० जुलै २०१० रोजी त्याच्यापासून ३,१७० किलोमीटरवरून गेले आणि त्याने त्याची छायाचित्रे घेतली. जमिनीवरील दुर्बिणींतून आधीच काढलेले ल्युटेशियाचे आकारमान त्यामुळे प्रत्यक्षाशी ताडता आले, आणि ते दोन टक्क्यांच्या आत बरोबर निघाले. व्हेस्टापाशी डॉन यान जुलै २०११ ते सप्टेंबर २०१२ राहिले आणि त्याचा सरासरी व्यास ५२५ किलोमीटर ठरला. मार्च २०१५ मध्ये ते सेरीसपाशी पोहोचले. दोन शेजाऱ्यांची ती जुनी शंका अशा रीतीने दूर झाली. शिक्का मारणारा तिसरा माणूस स्वतः जागेवर जाऊन आला होता. व्हेस्टाने मात्र थोडा हट्ट केला. लांब तरंगांवर तो अपेक्षेपेक्षा कमी ऊब देतो, म्हणून त्याच्यासाठी निराळा हिशेब ठेवावा लागतो.

सेरीसची गोष्ट याहून नवलाची आहे. हर्शेल दुर्बिणीच्या एका उपकरणाने सेरीसकडे पाण्याच्या वाफेच्या शोधार्थ नोव्हेंबर २०११ मध्ये पाहिले, तेव्हा काही दिसले नाही. ऑक्टोबर २०१२ मध्ये आणि मार्च २०१३ मध्ये पुन्हा पाहिले, तेव्हा वाफेची खूण स्पष्ट उमटली. सेरीसच्या दोन अंधूक प्रदेशांतून दर सेकंदाला काही किलो पाणी अवकाशात जात होते. मायकेल क्युपर्स व त्याच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१४ मध्ये हे प्रसिद्ध केले. जे वजन म्हणून तराजूच्या पारड्यात ठेवलेले, त्यालाच पाझर फुटलेला! एवढ्याशा वाफेने सेरीसच्या उष्णतेत मोजण्याजोगा फरक पडत नाही, त्यामुळे त्याचे मापाचे काम अबाधित राहिले. पण निर्जीव दगड म्हणून ज्याच्याकडे पाहिले जात होते, त्याच्या पोटात बर्फ आहे याची ती ठळक साक्ष होती. पुढे डॉन यानाने ऑक्काटर नावाच्या विवरात चकाकणारे पांढरे डाग पाहिले. ते सोडियम कार्बोनेटचे निघाले. म्हणजे घरोघरी कपड्यांना लावतात तोच धुण्याचा सोडा. खालून वर आलेले खारे पाणी आटून तो मागे राहिला असावा असे मानतात. आगरवाड्याच्या मिठागरांत खारे पाणी उन्हात आटून मीठ कसे उरते हे पाहिलेल्या पेडणेकरांना यात फारसे अवघड काही वाटणार नाही.

२९ एप्रिल २०१३ रोजी हर्शेलचे हेलियम संपले. ग्राहक तापू लागले आणि दुर्बीण आंधळी झाली. त्यानंतर त्या तोडीची दूर-अवरक्त दुर्बीण अवकाशात गेलेली नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सुटलेल्या जेम्स वेब दुर्बिणीची दृष्टी २८ मायक्रॉनच्या आसपास थांबते. विमानात बसविलेली सोफिया दुर्बीण २०२२ साली बंद करण्यात आली. युरोप व जपान यांची स्पिका ही योजना २०२० साली रद्द झाली. २०२४ साली अमेरिकेच्या अवकाशसंस्थेने पुढील अभ्यासासाठी जे दोन प्रस्ताव निवडले, त्यांपैकी प्रिमा नावाचा एक प्रस्ताव दूर-अवरक्त दुर्बिणीचा आहे. दरम्यान चिलीच्या पाच हजार मीटर उंचीच्या कोरड्या पठारावर आल्मा ही ॲन्टेनांची रांग मिलिमीटरच्या तरंगांवर आकाश पाहते. तिच्या निरीक्षकांना आपले आकडे पारखण्यासाठी जी कोष्टके पुरविण्यात आली, त्यांत ग्रह व उपग्रह यांच्या जोडीला सेरीस, पॅलस, जूनो, व्हेस्टा आणि ल्युटेशिया यांचीही नावे आहेत.